एमसीक्यू राउंडमध्ये सापडतो: वैद्यकीय परीक्षेसाठी बहुपर्यायी प्रश्न लिहिण्याची पद्धत

इंटर्नलच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेच्या, आदल्या आठवड्यात विभागात निरोप येतो: "उद्यापर्यंत वीस एमसीक्यू काढून द्या." मग पाठ्यपुस्तक उघडलं जातं. ठळक अक्षरांतलं एक वाक्य उचलायचं, त्यातला एक शब्द गाळायचा आणि त्याच्या शेजारपाजारचे तीन शब्द पर्याय म्हणून लावायचे. तासाभरात वीस प्रश्न तयार. असे प्रश्न एवढंच तपासतात की विद्यार्थ्याने ते वाक्य वाचलं होतं का. तोच विद्यार्थी इंटर्न झाल्यावर रात्री अडीच वाजता कॅज्युअल्टीत काय करेल, याचा त्यातून काहीच पत्ता लागत नाही.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ साली स्थापन झालेलं, आमच्या नाशिकमध्येच दिंडोरी रोडवर म्हसरूळला आहे. राज्यभरच्या एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, नर्सिंगच्या परीक्षा त्याच्या नावाने होतात. त्यामुळे इथल्या स्टाफरूममध्ये पेपर सेटिंगचा विषय वरचेवर निघतो. २०१९ पासून आलेल्या सक्षमताधारित अभ्यासक्रमात एमसीक्यूंना लेखी गुणांच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त वजन देता येत नाही, म्हणून हा भाग अनेकदा शेवटी उरकला जातो. विद्यार्थ्याचं लक्ष मात्र पहिल्या वर्षापासून नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेवर असतं, आणि तिथे २०० च्या २०० प्रश्न याच प्रकारचे.

मला सांगायचंय ते थोडक्यात असं. चांगला एमसीक्यू रुग्णाजवळ उभं राहून घ्याव्या लागणाऱ्या एखाद्या निर्णयापासून सुरू होतो, आणि त्याचे चुकीचे पर्याय म्हणजे त्या निर्णयात खरोखर होणाऱ्या चुका असतात. हे दोन्ही वॉर्डाच्या राउंडमध्ये रोज आपल्यासमोर घडत असतं. खालच्या पायऱ्या त्या क्रमानेच आहेत. उदाहरणं वाचायला सोपी जावीत म्हणून मराठीत दिली आहेत. पेपरात ती इंग्रजीतच जातील.

पायरी १: कशावर विचारायचं ते आधी ठरवा

प्रश्न सुचेल तसा लिहायला बसलं की आपल्या आवडीच्या विषयावर आठ प्रश्न होतात आणि ॲनिमियावर एकही नाही. म्हणून आधी एका कागदावर तक्ता करा. डाव्या बाजूला घटक, पुढे प्रत्येकाचे किती प्रश्न, त्यातले किती आठवणीचे आणि किती वापराचे. वजन देताना दोन गोष्टी पाहायच्या: तो आजार किती वेळा भेटतो, आणि चुकला तर किती महागात पडतो. घोणसाचा दंश शहरातल्या ओपीडीत रोज येत नाही, पण पेठ किंवा इगतपुरीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक झालेल्या डॉक्टरने तो चुकवला तर माणूस जातो. त्याला जागा हवी. एखाद्या दुर्मिळ सिंड्रोमचं पाचवं लक्षण नसलं तरी चालेल.

आठवणीचे प्रश्न पूर्ण काढून टाका असं मी म्हणणार नाही. औषधाचा डोस, लसीकरणाचं वेळापत्रक, हे पाठच हवं. पण वीसपैकी सहा-सातच्या वर जाऊ नका.

एक मर्यादा इथेच लक्षात घ्या. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पिरॅमिडमध्ये चार थर आहेत: माहीत आहे, कसं करायचं माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्षात करतो. एमसीक्यू खालच्या दोन थरांपर्यंतच पोचतो. टाके घालता येतात का, नातेवाइकांना वाईट बातमी सांगता येते का, हे एमसीक्यूत विचारायला जाऊ नका. त्यासाठी प्रॅक्टिकल आणि वायवा (तोंडी परीक्षा) आहेत.

पायरी २: एका वाक्यात निर्णय लिहा

प्रश्न लिहिण्याआधी वहीत एकच वाक्य लिहा: "हा प्रश्न सोडवणाऱ्याने अमुक ठरवायचं आहे." उदाहरणार्थ, "ऑर्गॅनोफॉस्फरस (कीटकनाशकाच्या) विषबाधेत ॲट्रोपिन या उताऱ्याचा डोस वाढवणं कधी थांबवायचं, हे ठरवायचं आहे." किंवा "ताप उतरलेल्या डेंगीच्या रुग्णाला घरी सोडायचं की सलाइन लावायचं." या वाक्यात क्रियापद यायलाच हवं. "सिकलसेलची माहिती" हे वाक्य चालणार नाही, कारण त्यात ठरवण्यासारखं काही नाही.

हे वाक्य सुचत नसेल तर पुस्तक मिटा आणि मागच्या महिन्यात राउंडला तुम्ही इंटर्नला काय विचारलं ते आठवा. "मग आता काय करशील?" हा प्रश्न आपण रोज दहा वेळा विचारतो आणि पेपर काढायला बसलो की नेमका तोच विसरतो.

पायरी ३: स्टेम, म्हणजे रुग्णाची हकिगत

आधी एक वाईट प्रश्न पाहू. असे प्रश्न गाइडांत ढिगाने सापडतात.

ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधेबद्दल खालीलपैकी कोणतं विधान चुकीचं नाही?
अ) ती फक्त शेतकऱ्यांनाच होते
ब) बाहुल्या नेहमी विस्फारलेल्या असतात
क) ॲट्रोपिन हे म्युस्कॅरिनिक रिसेप्टरवर ॲसिटिलकोलीनशी स्पर्धा करून स्राव कमी करतं, म्हणून ते उपचारात वापरलं जातं
ड) वरीलपैकी सर्व

कॉमर्सचा विद्यार्थीसुद्धा हा सोडवेल. "फक्त" आणि "नेहमी" दिसले की ते पर्याय बाद. ते बाद झाले की "वरीलपैकी सर्व" आपोआप बाद. राहिला सर्वांत लांब आणि सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेला क. शिवाय "चुकीचं नाही" या दुहेरी नकारात अभ्यासू मुलगी गडबडू शकते, ती वेगळीच.

आता तोच विषय, पण निर्णयापासून सुरू करून:

३४ वर्षांचा पुरुष. निफाडजवळच्या द्राक्षबागेत पिठ्या ढेकणासाठी कीटकनाशक फवारल्यानंतर दोन तासांनी त्याला आणलं आहे. खूप घाम, लाळ, उलट्या, जुलाब. नाडी मिनिटाला ५२, रक्तदाब ९०/६०, ऑक्सिजन सॅच्युरेशन ८६ टक्के. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दोन्ही फुफ्फुसांत घरघर आणि क्रेपिटेशन्स. ऑक्सिजन सुरू आहे. ॲट्रोपिनचा डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट केला जात आहे. डोस दुप्पट करणं थांबवण्यासाठी सर्वांत महत्त्वाचं चिन्ह कोणतं?
अ) छातीतले आवाज स्वच्छ होणं
ब) नाडी १४० च्या वर जाणं
क) बाहुल्या पूर्ण विस्फारणं
ड) रक्तातली कोलिनेस्टरेजची पातळी पूर्ववत होणं

उत्तर अ. नाडी, रक्तदाब, कोरडी पडलेली काख या गोष्टीही पाहतात, पण माणूस दगावतो तो फुफ्फुसांत साचलेल्या स्रावांनी आणि श्वास थांबून, म्हणून छाती आधी.

हकिगतीचा क्रम नेहमी तोच ठेवा: वय, लिंग, कुठे आणि कधी आला, तक्रार, किती वेळापासून, आधीचा इतिहास, तपासणी, रिपोर्ट, आतापर्यंत काय दिलं. केस पेपरावर आपण याच क्रमाने लिहितो, त्यामुळे विद्यार्थ्याचा वेळ शोधाशोधीत जात नाही.

हकिगतीतलं प्रत्येक वाक्य काहीतरी काम करत असलं पाहिजे. वर "द्राक्षबागेत फवारणी" एवढ्यावर निदान होत नाही. नाशिकच्या बागांत ऑक्टोबर छाटणीनंतर डाउनी या बुरशीरोगासाठी जे फवारतात त्यातलं बहुतेक बुरशीनाशक असतं आणि त्याचं चित्र असं दिसत नाही. म्हणून बाहुल्या, लाळ आणि नाडी द्यावीच लागली. उलट रुग्णाला किती मुलं आहेत, तो कोणत्या वाहनातून आला, हे लिहून प्रश्न लांबतो, अवघड होत नाही. स्टेम झाकूनही प्रश्न सुटत असेल, तर ती हकिगत निव्वळ सजावट आहे. "५० वर्षांच्या रुग्णाला मधुमेह आहे. मेटफॉर्मिन कोणत्या गटातलं औषध आहे?" यात रुग्णाचं काहीच काम नाही.

स्थानिक तपशिलांबद्दल एक गोष्ट बजावून सांगतो. "सुरगाण्याचा आदिवासी मुलगा, अंग फिकट" एवढं लिहिलं की वर्गातला प्रत्येक जण सिकलसेलवर टिक करतो. तिथे तुम्ही हिमॅटोलॉजी (रक्तविकारांचं ज्ञान) तपासत नाही, तालुक्याचं नाव तपासता. समाज किंवा गाव हे उत्तराचं एकमेव कारण बनत असेल तर ते काढा, आणि त्याऐवजी हात-पायाच्या बोटांची दुखरी सूज, वारंवार होणारा न्यूमोनिया, पेरिफेरल स्मिअर (रक्ताच्या थेंबाची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) असं काहीतरी द्या. खरं तर सुरगाण्यातल्या मुलालाही लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया होतो. तसा एखादा प्रश्न मुद्दाम लिहून पाहा.

पायरी ४: लीड-इन, आणि पर्याय झाकून पाहायची चाचणी

हकिगतीच्या शेवटचं प्रश्नवाक्य म्हणजे लीड-इन. ते एकटं वाचलं तरी काय हवंय ते कळलं पाहिजे. "खालीलपैकी कोणतं खरं आहे?" हा लीड-इन नव्हे, ती चार वेगवेगळ्या खरं-खोटं प्रश्नांची मोळी आहे. त्याऐवजी: सर्वांत संभाव्य निदान कोणतं? पुढचं सर्वांत योग्य पाऊल कोणतं? निदान पक्कं करणारी तपासणी कोणती? हा दुष्परिणाम कोणत्या औषधाचा?

यात "पुढचं पाऊल" आणि "निदान पक्कं करणारी तपासणी" यांची गल्लत होऊ देऊ नका. छातीत एका बाजूला हवा भरून मेडिएस्टिनम (दोन फुफ्फुसांमधला भाग) सरकलंय, रक्तदाब कोसळलाय, अशा टेन्शन न्यूमोथोरॅक्सच्या रुग्णात एक्स-रे निदान दाखवेल, पण पुढचं पाऊल ताबडतोब हवा काढणं हेच. तुमच्या डोक्यात कोणता प्रश्न आहे ते लीड-इनमध्ये स्पष्ट हवं.

आता पर्यायांवर हात ठेवा. विषय येणारा विद्यार्थी फक्त हकिगत आणि लीड-इन वाचून उत्तर सांगू शकला पाहिजे. सांगता येत नसेल तर प्रश्न अपुरा आहे. सगळ्या पायऱ्यांतली एकच पाळायची म्हटलं तर मी हीच निवडेन, कारण बाकीचे अर्धे दोष इथेच उघडे पडतात.

"नाही", "वगळता" असले नकारी लीड-इन शक्यतो टाळा. अगदीच लागले, उदाहरणार्थ "गरोदरपणात कोणतं औषध देऊ नये", तर नकाराचा शब्द ठळक आणि अधोरेखित करा. अशा प्रश्नांना खरी जागा आहे, कारण काय देऊ नये हाही डॉक्टरचा निर्णयच असतो.

पायरी ५: डिस्ट्रॅक्टर

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. मी तर म्हणेन, योग्य उत्तर लिहायला दोन मिनिटं आणि चुकीच्या तीन पर्यायांना अर्धा तास.

डिस्ट्रॅक्टर म्हणजे ज्याला विषय अर्धवट येतो त्याला खरा वाटेल असा पर्याय. तो कल्पनेने सुचत नाही, चुकांमधून मिळतो. पावसाळ्यानंतर नाशिकच्या कोणत्याही मेडिसिन वॉर्डात डेंगीचे रुग्ण असतातच, त्यावरचा हा प्रश्न पाहा:

२२ वर्षांची तरुणी. चार दिवस ताप होता. आज पाचव्या दिवशी ताप उतरला, पण सकाळपासून पोट सतत दुखतंय आणि तीनदा उलटी झाली. नाडी मिनिटाला ११०, रक्तदाब १००/८०, हातपाय गार. कुठूनही रक्तस्राव नाही. एनएस-१ पॉझिटिव्ह. हिमॅटोक्रिट दोन दिवसांपूर्वी ३६ टक्के होतं, आज ४५ टक्के. प्लेटलेट ३८,०००. पुढचं सर्वांत योग्य पाऊल कोणतं?
अ) आयसोटोनिक सलाइन शिरेतून सुरू करणं
ब) प्लेटलेटची पिशवी चढवणं
क) शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन देणं
ड) ताप उतरल्यामुळे ओआरएस सांगून घरी पाठवणं

प्रत्येक चुकीचा पर्याय कुठून आला ते बघा. ब हा नातेवाइकांचा आणि घाबरलेल्या ज्युनिअरचा पहिला विचार: आकडा खाली, म्हणून पिशवी. रक्तस्राव नसताना ३८,००० ला ती लागत नाही. क, म्हणजे स्टेरॉइड, ही जुनी सवय. ड सर्वांत धोकादायक, कारण ताप उतरण्याचा काळ हाच डेंगीत प्लाझ्मा झिरपण्याचा काळ असतो हे ज्याला माहीत नाही तो इथे अडकतो. वरचा आणि खालचा रक्तदाब यांत फक्त २० चा फरक आणि हिमॅटोक्रिटमध्ये, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणात, २५ टक्के वाढ, हे दोन आकडे उत्तर सांगतात, आणि ते हकिगतीत जाहिरात न करता बसवलेले आहेत. परीक्षेनंतर ब किती जणांनी निवडला हे पाहिलं की पुढच्या लेक्चरला काय शिकवायचं तेही कळतं.

डिस्ट्रॅक्टर गोळा करायची एक साधी युक्ती: आधी प्रश्न पर्यायांशिवाय द्या. टर्मिनल परीक्षेआधी एखाद्या क्लिनिकच्या शेवटी पाच मिनिटांत मुलांकडून एका ओळीचं उत्तर लिहून घ्या. त्यांनी लिहिलेली चुकीची उत्तरंच तुमचे डिस्ट्रॅक्टर. इतके खरे पर्याय आपल्याला टेबलावर बसून सुचत नाहीत. फक्त तो प्रश्न त्याच बॅचला परत देऊ नका.

बाकीच्या अटी चटकन सांगतो. चारही पर्याय एकाच जातीचे हवेत: सगळी निदानं, किंवा सगळ्या तपासण्या, किंवा सगळे उपचार. दोन निदानं, एक औषध आणि एक विषाणू अशी भेळ नको. लांबी साधारण सारखी ठेवा. आकडे चढत्या क्रमाने, आणि एकमेकांत न मिसळणारे: "२० ते ४०" आणि "३० ते ५०" असे दोन पर्याय एका प्रश्नात आले तर ३५ कुठे बसवायचं? चौथा पर्याय सुचत नसेल तर भरतीला काहीही टाकू नका. मायकेल रॉड्रिग्ज यांनी २००५ मध्ये आठ दशकांचे अभ्यास एकत्र तपासून तीन पर्याय पुरेसे असतात असा निष्कर्ष काढला होता. विद्यापीठाचा साचा चारचा असेल तर चार द्यावेच लागतात. कॉलेजच्या फॉर्मेटिव्ह (शिकता शिकता सुधारण्यासाठीच्या) परीक्षेत मात्र तीन चांगले पर्याय ठेवायला काहीच हरकत नाही.

पायरी ६: फटी बुजवा

विषय न येताही हुशार मुलं काही फटींतून उत्तर काढतात. कोचिंग क्लासमध्ये हे शिकवलंही जातं. लिहून झाल्यावर प्रश्न या नजरेने एकदा वाचा.

"वरीलपैकी सर्व" मध्ये दोन पर्याय बरोबर आहेत एवढं कळलं की काम झालं. "वरीलपैकी काहीही नाही" हे उत्तर असेल तर विद्यार्थ्याला बरोबर काय ते येतं का, हे तुम्हाला कळतच नाही. दोन्ही सोडून द्या.

स्टेममधला शब्द उत्तरात परत येऊ नये. हकिगतीत "रीनल" आणि चारपैकी एकाच पर्यायात "रीनल", तर तिकडेच बोट जातं. इंग्रजीत लीड-इन "अॅन" ने संपला आणि एकच पर्याय स्वराने सुरू होत असेल, तर व्याकरणानेच उत्तर फुटतं.

तीन पर्यायांत एखादा घटक सारखा आला की मुलं सर्वाधिक जुळणारा पर्याय निवडतात. "ॲम्पिसिलिन व जेंटामायसिन", "ॲम्पिसिलिन व सेफोटॅक्सिम", "व्हॅन्कोमायसिन व जेंटामायसिन", "फक्त मेट्रोनिडॅझोल": पहिला पर्याय बाकी दोघांशी जुळतो, म्हणून तोच. जोड्या सगळीकडे सारख्या वाटा.

"बहुधा", "कधीकधी", "सामान्यतः" या शब्दांचा अर्थ प्रत्येकाला वेगळा वाटतो. शक्य असेल तिथे आकडा द्या.

उत्तराची जागाही फिरती ठेवा. माणूस बसल्या बसल्या योग्य उत्तर ब किंवा क ला टाकतो. पर्याय वर्णक्रमाने किंवा आकड्यांच्या क्रमाने लावायची सवय केली की हा प्रश्न आपोआप सुटतो. वरच्या माझ्या दोन्ही उदाहरणांत उत्तर अ ला आहे, ते समजावायच्या सोयीसाठी. पेपरात असं ठेवू नका.

पायरी ७: भाषा सोपी, विषय अवघड

आपल्या वर्गात बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं-मुली बरीच असतात. त्यांचं मेडिसिन कच्चं नसतं, पण चार ओळींचं पल्लेदार इंग्रजी वाक्य वाचायला त्यांना वीस सेकंद जास्त लागतात. नीट-पीजीत २०० प्रश्नांना २१० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला मिनिटभरच. तुमच्या पेपरात हकिगतीचा प्रश्न असेल तर सव्वा ते दीड मिनिट धरा आणि वाक्यं तोडा. एका वाक्यात एकच माहिती. संक्षेप पहिल्यांदा पूर्ण लिहा: "एमएस" म्हणजे मायट्रल स्टेनोसिस, मल्टिपल स्क्लेरॉसिस की मॉर्फिन सल्फेट? रिपोर्टचा आकडा दिला तर एकक द्या, आणि नेहमीच्या वापरातला नसेल तर नॉर्मल मर्यादाही. छायाचित्र किंवा ईसीजी घातला तर तो आपल्या कॉलेजच्या झेरॉक्समध्ये कसा दिसतो ते आधी बघा. स्क्रीनवर गुलाबी दिसणारी स्लाइड छापून आल्यावर काळा डाग होते.

रुग्णाचा फोटो असेल तर लेखी संमती हवी आणि चेहरा, नाव, आयपीडी नंबर काढलेला हवा. प्रश्नपत्रिका बाहेर जातेच.

पायरी ८: उत्तराचं कारण लिहा आणि दुसऱ्याकडून सोडवून घ्या

प्रत्येक प्रश्नाखाली दोन-तीन ओळी: अ का बरोबर, ब-क-ड का चूक, कोणत्या मार्गदर्शक सूचनेनुसार, कोणत्या वर्षाच्या. वर्ष महत्त्वाचं आहे. क्षयरोगाचे उपचार देशभर २०१७ मध्ये रोजच्या डोसवर आले, तरी जुन्या प्रश्नसंचांत "आठवड्यातून तीनदा" हे उत्तर अजून मिळतं. जुनी फाइल कॉपी केली की अशी चुकीची 'की' (उत्तरतालिका) तशीच पेपरात जाते.

मग उत्तर न सांगता सहकाऱ्याला द्या. शक्यतो वेगळ्या विभागातला एक आणि एक पीजी विद्यार्थी. पीजीचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आलं तर वाद घालू नका, त्याला विचारा की त्याने असं का वाचलं. दोनपैकी एका वेळी प्रश्नातच दुसरं उत्तर लपलेलं सापडेल.

याच बैठकीत काठिण्यही ठरवता येतं. विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत १९७१ पासून आहे: अगदी काठावर पास होणारे शंभर विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा, त्यातले किती जण हा प्रश्न सोडवतील? प्रत्येक परीक्षकाने आपला आकडा लिहायचा, मग चर्चा, मग सरासरी. आपल्याकडे पासाची रेघ ठरलेली असते, त्यामुळे ती बदलता येत नाही. पण वीस प्रश्नांची सरासरी ३५ आली तर पेपर त्या मुलांसाठी कठीण आहे हे आधीच कळतं, निकालानंतर नव्हे.

एआय चॅटबॉटकडून प्रश्न काढून घेणं आता सर्रास चालतं. पहिला मसुदा म्हणून हरकत नाही. पण त्याचे डिस्ट्रॅक्टर पुस्तकी असतात, तुमच्या इंटर्नच्या चुका त्याला माहीत नसतात, आणि डोस किंवा संदर्भ तो अगदी ठामपणे चुकीचा देऊ शकतो. प्रत्येक आकडा तपासल्याशिवाय वापरू नका. आणि विद्यापीठाच्या परीक्षेचा प्रश्न अशा कोणत्याही ठिकाणी किंवा व्हॉट्सॲपवर टाकणं म्हणजे तो फोडणंच.

पायरी ९: परीक्षेनंतरचं गणित

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि ती गाळली तर पुढच्या वर्षी तोच वाईट प्रश्न पुन्हा येतो. एक्सेल पुरतं.

समजा १०० विद्यार्थी आहेत. एकूण गुणांनुसार वरचे २७ आणि खालचे २७ वेगळे करा. हे २७ टक्क्यांचं प्रमाण ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये सुचवलं होतं. एखादा प्रश्न वरच्या गटातल्या २२ जणांनी आणि खालच्या गटातल्या १० जणांनी बरोबर सोडवला.

काठिण्य निर्देशांक: (२२ + १०) भागिले ५४, म्हणजे सुमारे ५९ टक्के. साधारण ३० ते ७० ठीक मानतात. नावाने गोंधळू नका, आकडा जितका जास्त तितका प्रश्न सोपा.

भेद निर्देशांक, म्हणजे प्रश्न अभ्यासू आणि कच्ची मुलं किती वेगळी करतो ते: (२२ − १०) भागिले २७, म्हणजे ०.४४. ०.४० च्या वर उत्तम, ०.२० च्या खाली कमकुवत.

आता दुसरा प्रश्न: वरच्या गटातले ९ बरोबर, खालच्या गटातले १४. भेद निर्देशांक वजा ०.१९. अभ्यासू मुलं चुकतायत आणि कच्ची मुलं बरोबर येतायत, याचा अर्थ बहुधा उत्तरतालिका चुकली आहे, दोन उत्तरं बरोबर आहेत किंवा अभ्यासू मुलाला दिसणारी एखादी खोच तुम्हाला दिसलेली नाही. असा प्रश्न सापडला की निकाल लावण्याआधी थांबा.

मग प्रत्येक डिस्ट्रॅक्टर किती जणांनी निवडला ते बघा. पाच टक्क्यांपेक्षा कमी जणांनी निवडलेला पर्याय काम करत नाही; तो बदला किंवा काढा. चौघांपैकी दोन पर्याय असे मेलेले असतील तर तुमचा प्रश्न प्रत्यक्षात नाणेफेक होता.

इथे आकड्यांच्या आहारी जाऊ नये. ॲनाफिलॅक्सिसमध्ये पहिलं औषध ॲड्रेनालिन, हे ९५ टक्के मुलांना आलं तर भेद निर्देशांक फारच कमी येईल. तरी तो प्रश्न ठेवा. ते सगळ्यांना आलंच पाहिजे. तसंच ५०-६० जणांच्या बॅचमध्ये गटात १५ जण पडतात, आणि दोघांनी चुकून टिक केली तरी निर्देशांक हलतो. एका परीक्षेवरून प्रश्न फेकून देऊ नका, दोन-तीन बॅचचे आकडे साठवा.

वीस एमसीक्यूंचा पेपर मुळात फार भरवशाचा नसतो. चार पर्याय असतील तर काहीही न येणाऱ्यालाही अंदाजाने सरासरी पाच गुण मिळतात. नीट-पीजीत बरोबरला चार आणि चुकीला वजा एक असल्याने हा फायदा बराचसा कापला जातो. कॉलेजच्या इंटर्नलमध्ये निगेटिव्ह मार्किंग लावावं असं मात्र मला वाटत नाही. त्याने घाबरट पण जाणकार मुलं प्रश्न सोडून देतात, आणि आपल्याला तर त्यांना काय येतं तेच पाहायचं असतं.

शेवटी प्रश्न बँकेत टाका. एका ओळीत: विषय, निर्णयाचं ते एक वाक्य, की, कारण, मार्गदर्शक सूचनेचं वर्ष, कधी वापरला, काठिण्य, भेद, कोणता डिस्ट्रॅक्टर मेला. फाइलला पासवर्ड, आणि ती दोनच जणांकडे. एकदा वापरलेला प्रश्न निदान दोन बॅच पुढे जाईपर्यंत परत काढू नका, कारण परीक्षा सुटल्यावर हॉस्टेलमध्ये वीसही प्रश्न आठवून लिहिले जातात.

निकालानंतर एखादी विद्यार्थिनी पुस्तक घेऊन येते आणि म्हणते, "सर, क पण बरोबर आहे." तेव्हा आधी त्या प्रश्नाचा भेद निर्देशांक उघडा, मग पुस्तक. तिचं म्हणणं टिकलं तर त्या प्रश्नाचे गुण दोन्ही उत्तरांना द्या, तेही सगळ्या बॅचमध्ये, नोटीस बोर्डावर कारणासकट लावा, आणि बँकेतल्या त्या ओळीत तारीख टाकून दुरुस्ती करा.